दुसरी रेषा

२ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. हातात ट्रंक, पाठीवर सॅक आणि गळ्यात मल्टिमीटरची पिशवी. काकूंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, मुलगी येणार की दुकान, ते आधी कळवायचं तरी. मला इतकं हसू आलं की ट्रंक तिथेच खाली ठेवावी लागली.

खोली छान आहे. तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीशी दाराची फळी टाकल्यासारखं लांबलचक टेबल, त्याला तीन खण. भिंतीवर सहा प्लगांचा बोर्ड. मी आल्या आल्या तपासला: अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे. ज्या घरात अर्थिंग जोडलेलं असतं त्या घराबद्दल मला आपोआप आदर वाटतो.

हे घर काकांचं. काका म्हणजे काकूंचे यजमान. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचे ते मुख्य होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून पलंगावर आहेत. डोळे उघडे, श्वास चालू, बाकी काही नाही. दर बुधवारी डॉक्टर येतात. त्यांचं म्हणणं, आत आता कोणी नाही. काकूंना ते पटत नाही. म्हणून त्यांनी आमच्या कॉलेजच्या फळ्यावर सूचना लावली: रोध मोजणारं एक यंत्र बनवायचं आहे, पडद्यावर आलेख दिसला पाहिजे, घरी राहून काम करील अशी पदवीधर मुलगी हवी. माणूस दचकला, घाबरला की तळहाताला किंचित घाम येतो आणि कातडीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. हे काकूंनी काकांच्याच एका जुन्या पुस्तकात वाचलेलं. मला म्हणाल्या, "तो आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवंय."

या एका वाक्यासाठी मी काहीही केलं असतं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नाही. बाबा शिंपी. डिग्रीच्या कागदाला त्यांनी कापडी खोळ शिवली आणि निघताना एक ॲप्रन हातात ठेवला: सात खिसे, सातवा आतून, चोरखिसा. नाड्या मात्र भलत्याच लांब. आई म्हणाली, एवढ्या नाड्यांत दोन मुली बांधता येतील. बाबा म्हणाले, कापड जास्त झालं तर चालतं, कमी पडलं की रडायची वेळ येते.

५ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्राचं काळीज आज धडधडलं. रचना अगदी साधी आहे. एक ठाऊक असलेला रोधक आणि एक ठाऊक नसलेला, दोघांना एका ओळीत उभं करायचं आणि मधल्या ठिकाणचा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे हिशेब करणाऱ्या चिपला, विचारायचा. दोघांनी व्होल्टेज कसा वाटून घेतला, त्यावरून अनोळखी माणसाची ओळख पटते. काकूंना असंच समजावलं. म्हणाल्या, म्हणजे सून कशी आहे ते सासूवरून काढायचं. मी म्हटलं, अगदी तसं, फक्त सासू बदलती नको.

एक हजार ओहमचा रोधक लावला, ९९८ आलं. दहा हजारांचा लावला, १०,०१२ आलं. टोकं मोकळी सोडली की पडद्यावर 'अनंत' लिहून येईल असं केलंय. विजेची घरघर आकड्यांत शिरत होती, म्हणून आता दर आकड्यामागे सोळा मोजण्या घेऊन सरासरी काढते. बाबा कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मोजतात. मी सोळा वेळा. त्यांना कळवलं. ते म्हणाले, तुझं कापड महाग असणार.

काकांच्या पलंगाशी जाऊन नमस्कार केला. काय करतेय तेही सांगितलं. ऐकत असतील तर कळू दे, नसतील तर माझं काय जातं. भांडीवाल्या मावशी दारातून बघत होत्या. जाताना हळूच म्हणाल्या की मीही रोज बोलते, पण बाई घरात नसताना.

८ नोव्हेंबर, रविवार

आलेख आला! तळहाताएवढा पडदा, काळ्यावर हिरवी रेषा, उजवीकडे उमटते आणि डावीकडे सरकत जाते. पितळेच्या दोन पट्ट्या चिकटपट्टीने माझ्याच बोटांना बांधल्या. १८० हजारांच्या आसपास रेषा शांत. काकूंनी मागून फाडकन टाळी वाजवली. दीड सेकंद काही नाही, मग रेषा अशी घरंगळली की जिन्यावरून बादली. आम्ही दोघी हसत सुटलो.

मग काकूंनी सगळं नीट विचारून घेतलं. दुखलं तर? खाली. भीती? खाली. नुसतं वाईट वाटलं तर? थोडी खाली, मी म्हटलं, आणि हे लपवता येत नाही, चेहरा दगडाचा केला तरी घाम आपलं म्हणणं मांडतोच. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला कॉलेजातही भेटलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर येऊन गेले. काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, यंत्राकडे बघून भातुकली छान मांडलीये म्हणाले आणि चहा घेऊन निघाले.

नंतर पट्ट्या लावल्या. काकांची बोटं कोरडी, कागदासारखी. ३१० हजारांवर रेषा सपाट. मी टाळी वाजवली.

एक सेकंद. दोन.

रेषा खाली गेली.

पुन्हा वाजवली, पुन्हा गेली. मग मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, काका, तुम्ही आत आहात, मला कळलं, मी तुम्हाला असं सोडणार नाही. रेषा थरथरत राहिली. मी ढसाढसा रडले.

काकू रडल्या नाहीत. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. धक्का बसला असणार. मग एवढंच विचारलं, की मी नसताना काय झालं ते साठवून ठेवता येईल का. मी उत्साहाने मेमरी कार्ड जोडून दिलं. आता दिवसभराचा आलेख वेळेसकट जमा होतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

काकूंनी मावशींना काढून टाकलं. काम नीट नव्हतं म्हणे. स्वयंपाकघर आता त्याच बघतात. दुपारची माझी कॉफी न सांगता टेबलावर येते. आईकडूनही एवढी सेवा मी कधी करून घेतली नाही.

आज त्यांची तक्रार, की काकांची रेषा आधीसारखी पडत नाही. मी समजावलं, हे सगळ्यांचंच होतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की माणूस सरावतो. नवीन काहीतरी लागतं. त्या मान हलवत म्हणाल्या, नवीन काहीतरी.

मग विचारलं, याच पडद्यावर दोन माणसांच्या दोन रेषा दिसतील का. मला वाटलं, स्वतःची रेषा त्यांना काकांच्या रेषेशेजारी बघायची असेल. कल्पनेनेच डोळे भरून आले. अर्ध्या दिवसात करून दिलं: काकांची हिरवी, दुसरी केशरी. दुसऱ्या पट्ट्यांचं माप घ्यायला काकूंची बोटं मागितली. म्हणाल्या, तुझ्याच मापाची कर.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस उजवा अंगठा जड आहे. सोल्डरिंगची पकड चुकत असेल.

आज कार्डावरचे आलेख बघितले. मी दुपारी तीनला सुटे भाग आणायला बाहेर पडते. गेले चार दिवस, रोज तीननंतर, काकांच्या रेषेत खड्डे आहेत. एका ओळीत, सारख्या अंतराने, बारा. पहिला खोल, मग एकेक उथळ. शेवटचा जेमतेम.

आधी वाटलं, माझ्याच यंत्रात खोट आहे. सगळे रोधक पुन्हा लावून पाहिले. यंत्र बरोबर आहे.

काकू अंघोळीला गेल्यावर काकांची चादर उचलली. डाव्या टाचेवर, फिकटलेल्या जुन्या ठिपक्यांशेजारी, ताजे लाल ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे. एका ओळीत, सारख्या अंतराने.

बारा. मी दोनदा मोजले.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

काकू बाजारात गेल्याची खात्री करून काकांशेजारी बसले. त्यांना सांगितलं, मी प्रश्न विचारीन, उत्तर हो असेल तर सगळ्यांत वाईट आठवण मनात आणा, नाही असेल तर काही करू नका. तुम्हाला दुखतं का? रेषा गेली. कोणी मुद्दाम दुखवतं का? गेली. डॉक्टर? सपाट. मावशी? सपाट.

काकू?

रेषा पडद्याच्या तळाला टेकली आणि तिथूनही पुढे, दिसेनाशी झाली. असं मी कधी पाहिलं नव्हतं. आकडे तपासायला वाकले तेव्हा लक्षात आलं, मी प्रश्न विचारण्याआधीच ती पडायला लागली होती. त्यांना पावलं माझ्याआधी ऐकू आली होती.

काकू दारात उभ्या होत्या. हातात पिशवी तशीच. पडद्याकडे बघत होत्या.

"स्केल कमी पडतंय गं," त्या म्हणाल्या. "वाढव ना."

आणि भाजी ठेवायला आत गेल्या.

१९, संध्याकाळ

पळून जाता आलं असतं. दार उघडं होतं, ट्रंक भरायला दहा मिनिटं लागली असती. पण मी गेले की कार्ड पुसलं जाणार, पट्ट्या निघणार, आणि आत आता कोणी नाही हेच खरं ठरणार. मी त्यांना शब्द दिलाय. बुधवारी डॉक्टर येतील. त्यांना कार्ड दाखवीन. सहा दिवस. कार्डाची नक्कल ॲप्रनच्या सातव्या खिशात आहे.

काकूंनी जेवताना आपणहून विषय काढला. टाचणीने संवेदना तपासायला डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणाल्या. वरणात मीठ कमी आहे हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात.

२१ नोव्हेंबर, शनिवार

अंगठा उचलत नाही. पेन दोन बोटांत धरून लिहितेय. जीभ सकाळी जाड असते, दुपारनंतर जास्त.

काकांच्या उशाशी थेंबांची बाटली आहे. त्यांचे झटके येऊ नयेत म्हणून. मी आले तेव्हा भरलेली होती, आता तळाला आलीय. काकांना रोज चार थेंब. चार थेंबांनी बाटली एवढी रिकामी होत नाही. हिशेब सोपा आहे. मी फार उशिरा केला.

दुपारची कॉफी मोरीत ओतली.

२२ नोव्हेंबर

कॉफी नाही घेतली, जेवण नाही घेतलं. तरी अंगातला जडपणा वाढलाय. थेंब पाण्याच्या तांब्यात आहेत. नळाचं पाणी आज बंद.

फोन सापडत नाही. काकू म्हणाल्या, चार्जिंगला लावलाय. कुठे ते सांगितलं नाही.

फाटकापर्यंत गेले. कुलूप. पायरी चढताना गुडघा दुमडला, तिथेच बसले. त्यांनी येऊन काखेत हात घालून उठवलं. आईसारखं. म्हणाल्या, तब्येतीला जपायचं सोडून कुठे निघालीस.

२५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर आले. मी भिंतीला धरून उभी होते. कार्ड पुढे केलं. तोंडातून शब्द निघाले ते माझे मलाच कळले नाहीत. चिखलातून पाय काढावा तसे. डॉक्टर काकूंकडे वळले. काकू म्हणाल्या, बिचारी रात्रंदिवस राबते, झोपेचं औषध मागत होती, मीच दिलं थोडं.

यंत्र दाखवायला गेले. पट्ट्या मोकळ्या लोंबत होत्या. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'अनंत'. मीच लिहिलेलं.

डॉक्टर हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, घरी जाऊन आराम कर बाळ, डिग्री कुठे पळून जात नाही. काकू म्हणाल्या, उद्याच पाठवते तिला. आणि आता दर आठवड्याला यायची तसदी घेऊ नका, तशीच गरज पडली तर मी कळवीन.

त्यांच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत काकू खिडकीशी होत्या. मग माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. सातवा खिसाही चाचपला. तो त्यांना माहीत होता. ही वही टेबलावर मी ठेवते तशी कधीच नसते, हे मला आत्ता—

२७

बहुतेक २७.

मला काकांच्या खोलीत आणलंय. त्यांच्या पलंगाशेजारी आरामखुर्ची. डावा हात खुर्चीच्या हाताला बांधलाय. ॲप्रनच्या नाड्यांनी. दोन वेढे बसले.

उजव्याची दोन बोटं चालतात. वही मांडीवर त्यांनीच ठेवली. पेन्सिलही. लिही, म्हणाल्या. तू लिहितेस तेव्हा तुझी रेषा शांत असते, मग पडली की छान पडते.

केशरी. माझ्या मापाची.

पुढचा दिवस

आज बोलत बसल्या. लोकरीचं काम हातात. तीस वर्षं या माणसाशी बोलले, म्हणाल्या. रडून सांगितलं, ओरडून सांगितलं, मूल गेलं तेव्हा पाया पडून सांगितलं. याच्या तोंडावरची माशी हलली नाही. घड्याळ बघायचा. मग झटका आला आणि तेही संपलं. "आता निदान दिसतं तरी."

टाचणी काढली. काकांच्या टाचेला लावली. हिरवी रेषा जेमतेम हलली.

"सरावलाय," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालीस."

मग माझ्याकडे वळल्या.

ओरडता येत नाही. नुसता श्वास निघतो. केशरी रेषा कोसळली. आणि तिच्या मागोमाग हिरवी. खोल. पहिल्या दिवसाइतकी खोल.

काकू टाचणी थांबवून बघत राहिल्या. इतक्या आनंदाने मी कुणाला आलेख बघताना पाहिलेलं नाही.

मी त्यांचं नवीन काहीतरी आहे.

वार कळत नाही

बारा. रोज बारा. माझ्या टाचेवर.

मीही सरावते आहे. सहावीनंतर माझी उथळ होते. मला वाटलं, सुटले. सरावले की त्यांना कंटाळा येईल—

आज टाचणी नाही. माझा फोन आणला.

बाबांचे निरोप वाचून दाखवतात. मोठ्याने, एकेक. मी तिकडे मजेत आहे, काम वाढलंय, तीन महिने येत नाही, असं मीच त्यांना कळवलंय म्हणे. बाबांनी लिहिलंय, डिग्रीची खोळ भिंतीवर टांगली आहे, गिऱ्हाइकांना दाखवतो. आईने विचारलंय, ॲप्रन पुरतो का.

टाचणीने एवढा खड्डा कधी पडला नव्हता. दोघांच्याही.

काकूंनी स्केल वाढवलं. त्यांना आता जमतं. मी सगळं नीट शिकवलंय.

नंतर

एकच बोट.

काकांकडे मान वळत नाही. पडदा दिसतो. बोलतो आम्ही. काकू नसताना. मी मनात आईला आणते, केशरी जाते. थोड्या वेळाने हिरवी. ते ऐकतात. शब्द पाळला नाही म्हणून मी रोज माफी— हिरवी जाते. कशाला म्हणतात ते कळत नाही. हो की नाही तेही.

बाबा येणार आहेत. निरोप वाचून दाखवला. ॲप्रनचं नवं माप घ्यायला येतो, असं गमतीने लिहिलंय. काकूंनी उत्तर मला वाचून दाखवलं. जरूर या. राहायलाच या.

मग पडद्याकडे बघून विचारलं, तीन रेषा बसतील का गं यात

नाही बाबा नका येऊ न

पावलं मला ऐकू येत नाहीत. मी काकांच्या रेषेवरून ओळखते. आधी हिरवी पडते, मग माझी, मग दार. मधे आठ-दहा सेकंद असतात, तेवढ्यात लिहिते

हिरवी शांत

शांत

बाबा वळा फाटकातूनच व

हिरवी गेली. माझी अजून—